भिंतीवरची तारीख : सीमाभागातील बालवर्ग आणि दिनदर्शिका



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या वर्गात शिरताच डाव्या हाताच्या भिंतीवर गेरूने आखलेली एक चौकट दिसे. तीत रोज सकाळी वार, तिथी व तारीख खडूने लिहिण्याचे काम एकेका विद्यार्थ्याकडे येई. मी त्या चौकटीत पहिल्यांदा तारीख लिहिली तेव्हा माझा हात थरथरत होता, एवढे आठवते. व्याख्यानाचा विषय संयोजकांनी विचारला तेव्हा मला ती चौकट आठवली. ‘बालवर्गातील दिनदर्शिका’ हा विषय ऐकून त्यांना थोडे आश्चर्य वाटले असावे. एवढ्याशा गोष्टीला इतिहास तो काय असणार! परंतु भीमपूरसारख्या गावी, जेथून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, तेथे भिंतीवरची तारीख ही कधीच साधी गोष्ट नव्हती.

आरंभ माझ्यापासूनच करतो. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९४८ अशी आहे. या सभागृहात बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींपैकी किती जणांचा जन्म १ जूनचा आहे, हे हात वर करून पाहिले तर आपल्याला हसू आवरणार नाही. ज्या मुलाच्या जन्माची नोंद कोठेच नाही, त्याला शाळेत घालताना वयात बसेल अशी तारीख गुरुजी देत आणि ती बहुधा जूनची पहिली असे. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. माझी आई मात्र अखेरपर्यंत सांगत राहिली की, निजामाचे राज्य गेले त्याच्या पुढच्या साली, पोळ्याच्या करीला माझा जन्म झाला. म्हणजे १९४९ चा ऑगस्ट. या पंधरा महिन्यांच्या फरकाने मी पहिलीत वर्गातला सर्वांत बुटका मुलगा ठरलो आणि ३१ मे २००६ रोजी, अठ्ठावन्न वर्षांचा होण्यापूर्वीच, निवृत्त झालो. आईची दिनदर्शिका खरी होती, पण ती कागदावर नव्हती.

ती कागदावर का नव्हती, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. १९४८ पर्यंत आदिलाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे सरकारी वर्ष फसली. ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई आणि त्याचे महिने फार्सी नावांचे होते : आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे करीत मेहेर आणि आबानपर्यंत. फसली सनात ५९० मिळविले की स्थूलमानाने इसवी सन येतो. सरकारी सुट्टी शुक्रवारी. माध्यमिक शिक्षण उर्दूतून. माझ्या वडिलांनी चार इयत्ता केल्या होत्या व त्यांना हे बारा महिने मरेपर्यंत पाठ होते. परंतु घरी पेरणी मृगावर, बैलांचा सण श्रावणी अमावास्येला आणि देणेघेणे दिवाळीला. पटवाऱ्याच्या दप्तरात एक काळ, पंचांगात दुसरा आणि रानात तिसरा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आमचा भाग आंध्र प्रदेशात राहिला. १९५७ च्या २२ मार्चला, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीने, भारत सरकारने शक संवताची राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. ती आकाशवाणीवर ऐकू येई, पण गावात तिच्यावर कोणी एक गोणीही विकल्याचे मला स्मरत नाही. २०१४ च्या २ जूनला तेलंगणा झाले आणि २०१६ मध्ये तामसी मंडळातून निघून भीमपूर हे स्वतंत्र मंडळ झाले. राज्य बदलले की फलकावरची लिपी बदलते, सुट्ट्यांची यादी बदलते. चार वर्षांच्या मुलाला यातले काही कळत नाही. पण त्याच्या वर्गाच्या भिंतीवर जो कागद लटकतो, तो या सगळ्या उलथापालथीतून आलेला असतो.

जिल्ह्याच्या इतिहासातील आणखी एका प्रकरणाचा उल्लेख केलाच पाहिजे. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास बोलावले आणि १९४३ मध्ये मारलावाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले, कारण या भागातील गोंडांचा मराठीशी जुना परिचय होता. ज्यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी याच जिल्ह्यात अधिकारी होते, गोंडी शिकले आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. माझ्या विषयाच्या दृष्टीने यातला धडा असा : मुलाच्या तोंडी जी भाषा आहे तिच्यापासून आरंभ करावा, हे तत्त्व येथे ऐंशी वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. मात्र त्याच्या तोंडी जो काळ आहे त्यापासून आरंभ करण्याचे राहून गेले. गोंड घरातले मूल अखाडी, पोळा, दंडारी आणि पुष्य अमावास्येची केसलापूरची नागोबाची जत्रा या क्रमाने वर्ष ओळखते. वर्गात त्याला जानेवारी, फेब्रुवारी घोकावे लागतात.

आता बालशिक्षणाकडे येतो. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह १९०७ मध्ये उघडले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनी ते काम मराठीत आणले. शहरातील बालमंदिराची साधने खेड्याला परवडत नाहीत, हे ओळखून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवावी, हे त्यांनी करून दाखविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

ताराबाईंनी खड्या-बियांबाबत जे केले, ते आपण दिनदर्शिकेबाबत केले का, असा प्रश्न मी निवृत्तीनंतर सीमेवरच्या अंगणवाड्या पाहत हिंडताना स्वतःला विचारीत असे. बहुतेक ठिकाणी सकाळचा कार्यक्रम ठरलेला. सेविका भिंतीवरच्या तक्त्याला छडी लावते आणि मुले एका सुरात म्हणतात : आज सोमवार, काल रविवार, उद्या मंगळवार. मग बारा महिने. आवाज खणखणीत असतो, पाहुणे खूश होतात. एकदा मी घोष संपल्यावर एका चुणचुणीत मुलीला विचारले, ‘बाई, काल तू काय केलंस?’ ती म्हणाली, ‘रविवार.’

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. २००८ मध्ये अमेरिकेत सॅली बेनेके, मिखेलीन ऑस्ट्रोस्की आणि लिलियन कॅट्झ या तिघींनी याच विषयावर लेख लिहून, बालवर्गातील रोजचा दिनदर्शिकेचा पाठ हा चांगल्या हेतूने चाललेला पण फसलेला प्रकार आहे, असे मांडले. महिना, वर्ष यांसारखी दूरची कालमाने या वयात कळत नाहीत, तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा, असा त्यांचा रोख होता. पियाजे यांनीही १९४६ च्या आपल्या ग्रंथात मुलाची काळाची कल्पना किती हळूहळू घडते ते दाखविले होते. मला त्यांचे निदान मान्य आहे, पण तक्ता काढूनच टाकावा हे मान्य नाही. आपल्या मुलांच्या घरात छापील मजकुराचा एकच कागद असतो आणि तो म्हणजे दिनदर्शिका. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढले, त्यानंतर ती मराठी घराच्या भिंतीवर स्थिर झाली. माझी पत्नी तिच्यावर दुधाचे माप लिही, सिलिंडर लावल्याची तारीख लिही, कापूस वेचायला किती बायका आल्या ते आकडे घाली. लिहिलेले उपयोगी पडते, महिनाअखेर ते वाचून गवळ्याशी हिशेब होतो, हे मूल प्रथम तेथे पाहते. अक्षरओळखीची याहून चांगली प्रस्तावना मला ठाऊक नाही. अडचण तक्त्यात नाही, त्याच्यावर मुलाचे स्वतःचे काहीच लिहिलेले नसते ही अडचण आहे.

एका गावी मी निराळा प्रकार पाहिला. सेविका मराठी, मदतनीस तेलुगू. दोघींनी मिळून खिडकीला एक सुतळी बांधली होती आणि तीत लाकडी मणी ओवले होते. सहा मणी साधे, सातवा मोठा व तांबडा. तांबडा मणी म्हणजे बाजाराचा दिवस. रोज एक मूल एक मणी डावीकडून उजवीकडे सरकवी आणि त्या दिवशी घडलेली एक गोष्ट सांगे, मग सेविका ती तक्त्यावरच्या त्या दिवसाच्या चौकटीत चित्राने काढी : ढग, व्यालेली शेळी, कोणाचा पडलेला दात. मणी मोजताना एका मण्याला एकच अंक म्हणायचा, हे मुलांच्या बोटांना आपोआप कळे. बाजाराला किती मणी उरले, यातून वजाबाकीची ओळख होई, आणि डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय पुढे वाचनाला उपयोगी पडे. (आपल्या पुष्कळ दिनदर्शिकांत वार डाव्या कडेला एकाखाली एक असतात व तारखा वरून खाली उतरतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, पण लहान मूल आडवेच वाचू लागते आणि एकनंतर थेट आठवर पोहोचते.)

तेथेच एक मुलगा तापाने तीन दिवस आला नव्हता. चौथ्या दिवशी तो सुतळीपाशी उभा राहिला आणि रडू लागला, ‘माझे मणी कोणी सरकवले?’ आपण नसतानाही दिवस पुढे जातात, ही गोष्ट त्याला त्या सकाळी कळली. मदतनीस बाईंनी त्याला जवळ घेतले, तीनही चौकटींतली चित्रे दाखविली आणि प्रत्येक दिवशी काय झाले ते सांगितले. मी इतकी वर्षे इतिहास शिकविला, पण इतिहास कशासाठी असतो हे मला इतक्या थोडक्यात कोणाला सांगता आले नव्हते.

भाषेच्या सीमेवर राहण्याचा एक लाभही मी तेथे पाहिला. मराठीत ‘परवा’ हा शब्द दोन्ही बाजूंना चालतो. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा यांत भेद क्रियापदाने करायचा, आणि लहान मुलाचे क्रियापद नेमके तेथेच डगमगते. एका मुलीचे वडील मजुरीला हैदराबादेस गेले होते. ‘बाबा परवा’ एवढेच ती म्हणे. सेविकेची समजूत झाली की ते परवा येऊन गेले. मदतनीस बाईंनी विचारले, ‘मोन्नना, एल्लुंडा?’ तेलुगूत गेलेला परवा ‘मोन्न’ आणि येणारा ‘एल्लुंडि’. मुलगी चटकन म्हणाली, ‘एल्लुंडि!’ मग सुतळीवर दोन मणी मोजून तिसऱ्याला दोरा बांधला गेला. वारांच्या नावांतही असाच मेळ आहे. आमच्या जुन्या बायका रविवारला ‘ऐतवार’ म्हणत, तेलंगणातला शेतकरी ‘ऐतारम्’ म्हणतो. त्यांचा उगाडी आणि आपला पाडवा एकाच चैत्र शुद्ध प्रतिपदेला येतो, कारण दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो आणि शक शालिवाहनाचा. एका भिंतीवर दोन भाषांच्या दिनदर्शिका शेजारी लावल्या तर मुलाला दोन नावे आणि एक दिवस दिसतो.

संख्यांच्या बाबतीत मात्र मराठी मुलाची वाट खडतर आहे, आणि दिनदर्शिकेवर ती अडचण रोज दिसते. महिन्याच्या पहिल्या दहा तारखा सरळ जातात. एकवीस आली की मूल आधी ‘एक’ म्हणते आणि मग ‘वीस’. डोळ्यांना मात्र आधी २ दिसतो आणि मग १. बावीस, तेवीस, चोवीस, सगळे असेच उलटे. एकोणतीस तर त्याहून अवघड. कागदावर दोन आणि नऊ आहेत, तोंडाने म्हणायचे ‘तिसाला एक कमी’. तेलुगू मूल ‘इरवै ओकटि’ म्हणजे वीस-एक म्हणते, एकोणतिसाला ‘इरवै तोम्मिदि’, वीस-नऊ. अंक जसे लिहिले तसेच बोलले जातात. त्यात आणखी भर अशी की घरच्या मराठी दिनदर्शिकेवरचा ४ आणि तक्त्यावरचा आंतरराष्ट्रीय आठ हे दिसायला जवळचे. ‘आज आठ तारीख’ म्हणून हट्ट धरणाऱ्या एका मुलाला मी स्वतः चूक ठरविले होते. तो चुकला नव्हता, त्याने आमच्या दोन भिंती एकत्र वाचल्या होत्या.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, हे आपल्याला स्मरत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना जोडाक्षरांचा व उलट्या क्रमाचा त्रास होतो म्हणून सोपी वाट जोडली आहे. त्यांची चेष्टाच अधिक झाली. भाषेचा अभिमान मलाही आहे, पण त्या वादात मी त्यांच्या बाजूचा होतो. नॉर्वेच्या संसदेने हाच बदल ठरविला आणि १९५१ पासून तेथील शाळांत ‘एक आणि वीस’ऐवजी ‘वीस-एक’ शिकविणे सुरू झाले. जर्मन भाषा आजही उलटी मोजते. आम्हां सीमेवरच्या लोकांना मात्र या वादाची गंमत वाटली, कारण आमच्या अंगणात ‘वीस एक’ म्हणणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळतच होती. त्या सुतळीच्या अंगणवाडीत माँटेसरीच्या मणीदांड्यांसारखी दहा-दहा काड्यांची जुडी करून तारखेखाली ठेवीत. दोन जुड्या, एक काडी. मराठी मूल ‘एकवीस’ म्हणे, तेलुगू मूल ‘इरवै ओकटि’, आणि दोघेही त्याच काड्यांकडे बोट दाखवीत. त्या दोन बायकांपैकी कोणीही त्या वादाबद्दल ऐकले नव्हते.

नव्या शैक्षणिक धोरणाने, २०२० मध्ये, तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या आराखड्यात त्याचा तपशील आला. खेळ, गोष्ट, मातृभाषा हे शब्द त्यात आहेत, याचा आनंद आहे. आमच्या जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या वर्गांतील पट उतरत चालला आहे, २०१८ च्या कायद्याने तेलुगू सर्व शाळांत सक्तीची झाली, आणि मला त्या सक्तीचा राग नाही. ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा मुलाला यायलाच हवी. भीती आहे ती वेगळी. तेलुगू पहिलीत येताना मराठी अंगणवाडीतच संपली, तर ‘परवा’ आणि ‘एल्लुंडि’ शेजारी ठेवणारे कोणी उरणार नाही. तक्ता छापून येईल, सुंदर असेल, आणि त्याच्या चौकटी कोऱ्या राहतील.

गेल्या वर्षी मी त्या अंगणवाडीत पुन्हा गेलो. आता मुलांच्या जन्मतारखा दवाखान्यातून लिहून येतात, त्या खऱ्या असतात. ज्याचा वाढदिवस असेल त्याचे नाव चौकटीत लिहितात आणि बाजूला त्याच्या हातचा ठसा असतो. एका मुलाने माझे धोतर ओढून विचारले, ‘आजोबा, तुमचा कोणता?’ सवयीने मी पान उलटून जूनच्या एक तारखेवर बोट ठेवले. त्याने निरखून पाहिले आणि म्हटले, ‘इथं तर काहीच नाही.’ मग मी आणखी पाने उलटली, श्रावणाची अमावास्या शोधली, तिच्यापुढच्या चौकटीवर बोट ठेवले आणि सांगितले की या दिवशी, पोळ्याच्या करीला. सेविकाबाईंनी पेन्सिल आणली. माझ्या हाताला गेरू लावायला मुलांनी थोडी दांडगाई केली, आणि एका लहान चौकटीत मावेना एवढा माझा ठसा शेजारच्या दोन दिवसांवर पसरला.